व्हिक्टोरियन काळातल्या हरवलेल्या नगरांच्या कादंबऱ्या कशा वाचायच्या (मराठवाड्यातल्या वाचकासाठी)

डोंगराच्या पल्याड एक जुनं दगडी नगर, तिथं सूर्याची नाहीतर आगीची पूजा, एक राणी, एक खुनशी पुजारी, अन् फाटक्या नकाशावरून तिथं जाऊन धडकणारे दोन-तीन इंग्रज. ह्या साच्याच्या कादंबऱ्या इंग्लंडात साधारण १८७० ते १९०० ह्या काळात ढिगानं निघाल्या अन् आजच्या खजिन्याच्या सिनेमांची, गेमची, सिरीजची निम्मी सामग्री तिथूनच आलेली आहे. आपल्या इकडं ह्या पुस्तकांबद्दल दोनच गोष्टी ऐकू येतात, एक तर 'लहानपणी वाचलेली लै भारी गोष्ट' नाहीतर 'गोऱ्यांचा माज, वाचूच नका'. दोन्ही म्हणणाऱ्यांनी पुस्तक परत उघडलेलं नसतं. मला ही पुस्तकं मनापासून आवडतात अन् त्यातल्या काही पानांचा संतापही येतो, अन् माझं ठाम मत आहे की अजिंठा, वेरूळ, तेर, पैठण, दौलताबाद ज्यांच्या एसटीच्या रस्त्यावर आहेत त्यांनी तर ही पुस्तकं वाचलीच पाहिजेत, फक्त कशी वाचायची ते आधी ठरवून घ्या. तेच इथं लिहितोय.

कुठून सुरू करायचं

ह्या सगळ्या पुस्तकांचा कॉपीराइट संपलेला आहे त्यामुळं पैसे घालवायची गरज नाही. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर जा, पुस्तकाचं नाव टाका, ईपब फाइल उतरवून घ्या, मोबाइलवर कुठल्याही रीडर ॲपमध्ये उघडते. ऐकायचं असेल तर लिब्रिवॉक्सवर लोकांनी वाचून ठेवलेलं फुकट ऑडिओ आहे, लातूर-पुणे प्रवासात अर्धं पुस्तक होऊन जातं. इंग्रजी जुनी आहे, वाक्यं लांब आहेत, पण पहिली चाळीस पानं नेटानं काढली की लेखकाची लकब कळते अन् मग अडत नाही. प्रत्येक शब्द डिक्शनरीत बघत बसू नका, जो शब्द तीनदा आला तेवढाच बघा.

पहिलं पुस्तक रायडर हॅगार्डचं 'किंग सॉलोमन्स माइन्स', १८८५. ह्यावरच हात बसवायचा. दुसरं त्याचंच 'शी', १८८७. मग थोडं थांबून किपलिंगची 'द मॅन हू वुड बी किंग' ही लांब कथा, १८८८, जी अलाहाबादला रेल्वे स्टेशनवर विकायच्या एक रुपयाच्या मालिकेत छापली गेली होती. म्हणजे हिचे पहिले वाचक आपल्याच देशातले, गाडीची वाट बघत बसलेले लोक. त्यानंतर सॅम्युअल बटलरचं 'एरेव्हॉन', १८७२, अन् बुल्वर-लिटनचं 'द कमिंग रेस', १८७१. ही दोन वयानं थोरली आहेत पण वाचायला मागं ठेवा, त्यात पळापळी कमी अन् विचार जास्त आहे, पहिल्यांदाच हातात घेतली तर कंटाळून सोडाल. हॅगार्डचं 'ॲलन क्वाटरमेन' (१८८७) 'शी' नंतर कधीही चालेल, अन् माझ्या मते धर्म आणि आदर्श राज्य ह्या विषयासाठी तेच सगळ्यात कामाचं आहे.

आधी साल, मग गोष्ट

पुस्तक उघडायच्या आधी वहीत त्याचं साल लिहा अन् त्या सालाच्या आगंमागं जगात काय चाललं होतं ते दोन-तीन ओळीत लिहा. हे काम शाळेतलं वाटतं पण ह्यानं अर्धं पुस्तक उलगडतं.

बघा, हॅगार्ड १८७५ मध्ये एकोणीस वर्षांचा असताना दक्षिण आफ्रिकेत गेला, तिथल्या नाताळ नावाच्या इंग्रज वसाहतीच्या गव्हर्नरच्या हाताखाली. १८७७ ला इंग्रजांनी शेजारचं ट्रान्सवाल हे बोअर लोकांचं राज्य गिळलं तेव्हा प्रिटोरियात झेंडा चढवायला हा स्वतः हजर होता. त्याच्या आधी काही वर्षं किंबर्लीला हिरे सापडले होते अन् तिथं माणसांची झुंबड उडाली होती. आता सॉलोमनच्या हिऱ्यांच्या खाणीची गोष्ट १८८५ ला कामून एवढी खपली असेल ते वेगळं सांगायला नको. वाचकाला हिरे आधीच ठाऊक होते, कादंबरीनं त्या हिऱ्यांना बायबलमधला राजा जोडून दिला.

बायबल हा दुसरा धागा. १८५९ ला डार्विनचं पुस्तक आलं, भूगर्भवाले पृथ्वीचं वय वाढवत चालले होते, बायबलमधलं काय खरं काय खोटं अशी घराघरात धुसफूस चालू होती. त्याच काळात मेसोपोटेमियात जमिनीतून निनवे शहर निघालं, १८७२ ला ब्रिटिश म्युझियममधल्या जॉर्ज स्मिथनं मातीच्या विटेवर जलप्रलयाची गोष्ट वाचून दाखवली अन् लंडनमध्ये खळबळ उडाली. म्हणजे एकीकडं श्रद्धा डळमळीत झालेली अन् दुसरीकडं कुदळ मारली की पुराणातलं शहर वर येतंय. हरवलेल्या नगराची कादंबरी ह्या दोन गोष्टींच्या मधल्या फटीत जन्माला आली. त्यामुळं तिच्यात खजिना असतोच पण त्याहून जास्त एक भूक असते, की जुना धर्म, जुनं पावित्र्य कुठंतरी शाबूत असेल, कोणाचा हात न लागलेलं.

अन् 'शी' चं साल १८८७ म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या गादीवर बसण्याला पन्नास वर्षं झाली ते साल. त्या पुस्तकातली आयेशा, दोन हजार वर्षं जगलेली, गोष्टीच्या मध्यात सरळ म्हणते की चला इंग्लंडला जाऊ, तुमच्या राणीला खाली उतरवू. हे वाक्य ज्युबिलीच्या वर्षात वाचणाऱ्या इंग्रज माणसाच्या अंगावर कसा काटा आला असेल ते साल माहीत असल्याशिवाय कळत नाही.

वाटेचं थोडक्यात

तिथं कसं पोचतात ते टिपून ठेवा: खिंड, दलदल, भुयार, वाळवंट. सॉलोमनच्या गोष्टीत १५९० सालच्या एका पोर्तुगीजानं मरताना स्वतःच्या रक्तानं कापडावर काढलेला नकाशा आहे. बटलरच्या पुस्तकात खिंडीत उभे केलेले भले मोठे पुतळे आहेत, वारा सुटला की त्यातून भेसूर आवाज निघतो. बटलर स्वतः न्यूझीलंडच्या डोंगरात मेंढ्या पाळत होता, ते डोंगर त्यानं डोळ्यानं बघितलेले आहेत, म्हणून ती चढण वाचताना दम लागतो. लिटनचा नायक खाणीत उतरतो अन् खाली आणखी एक जग. वाट जेवढी अवघड तेवढी आतल्या लोकांची 'शुद्धता' जास्त, असं गणित बहुतेक ठिकाणी दिसेल. एवढं लक्षात ठेवून पुढं सरका.

वाटेतली एक गंमत मात्र आपल्या लोकांनी जरूर तपासावी. सॉलोमनच्या गोष्टीत इंग्रज मंडळी पंचांग बघून ग्रहण सांगतात अन् तिथल्या लोकांना वाटतं की ह्यांनीच चंद्र-सूर्य झाकला. पहिल्या आवृत्तीत ते सूर्यग्रहण होतं अन् ते पौर्णिमेच्या सुमाराला लावून दिलं होतं. आपल्याकडं घरातली म्हातारी माणसंसुद्धा सांगतील की सूर्यग्रहण अमावस्येलाच लागतं. लोकांनी चूक दाखवली अन् पुढच्या आवृत्त्यांत हॅगार्डनं त्याचं चंद्रग्रहण केलं. तुम्ही उतरवलेल्या फाइलमध्ये कोणतं ग्रहण आहे ते बघा म्हणजे आवृत्ती जुनी की सुधारलेली ते कळेल. अन् हेही बघा की ग्रहण आधी सांगता येणं ही फक्त गोऱ्यांकडची विद्या आहे असं ती गोष्ट धरून चालते, जेव्हा की पैठणला, काशीला, बगदादला ही गणितं शेकडो वर्षं चालत आलेली होती.

कोणी बांधलं? हा प्रश्न सोडू नका

माझ्या मते ह्या सगळ्या वाचनाचा कणा हाच आहे. नगर दिसलं की वहीत दोन रकाने करा. एकात 'हे कोणी बांधलं म्हणून लेखक सांगतो', दुसऱ्यात 'आत्ता इथं कोण राहतंय'. मग बघा की दोन्ही रकान्यात एकच नाव येतं का. जवळजवळ कधीच येत नाही.

सॉलोमनच्या गोष्टीत कुकुआना लोक राहतात, शूर आहेत, शिस्तीचे आहेत, लेखकाला ते आवडतातही, पण तो मोठा दगडी रस्ता अन् ते तीन प्रचंड पुतळे त्यांचे नाहीत, ते त्यांच्या आधीच्या कोणाचे तरी. 'शी' मध्ये कोर नावाचं महानगर आहे, गुहांमध्ये हजारो वर्षांची प्रेतं जशीच्या तशी ठेवलेली आहेत, पण ते बांधणारी जात रोगराईनं संपली अन् आता तिथं राहणारे अमाहॅगर लोक म्हणजे उरल्यासुरल्यांत बाहेरच्यांची भेसळ होऊन घसरलेले, जुन्या थडग्यांच्या गुहांत राहणारे. 'ॲलन क्वाटरमेन' मध्ये तर आफ्रिकेच्या पोटात देखणं शहर आहे अन् त्याचे रहिवासीच गोरे काढलेत. म्हणजे आफ्रिकी माणसानं दगडावर दगड ठेवून शहर उभं केलं हे एक वाक्य सोडून लेखक बाकी काहीही कल्पायला तयार आहे.

हे नुसत्या कादंबरीत राहिलं असतं तर ठीक होतं. आजच्या झिम्बाब्वे देशात ग्रेट झिम्बाब्वे म्हणून दगडी नगराचे अवशेष आहेत, चुना-माती न वापरता रचलेली भिंत, काही ठिकाणी अकरा मीटर उंच. कार्ल माउख नावाचा जर्मन १८७१ ला तिथं गेला अन् हे बायबलमधल्या शेबाच्या राणीचं असलं पाहिजे म्हणाला. १८९१ ला थिओडोर बेंटनं तिथं खोदकाम केलं, त्यामागं तिथं इंग्रजांची सत्ता पसरवणाऱ्या सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीचा पैसा होता, अन् त्यानंही बाहेरून आलेल्या प्राचीन लोकांचं नाव पुढं केलं. ह्यात कंपनीचा फायदा उघड आहे, जमीन मुळात 'ह्यांची' नाहीच असं ठरलं की घ्यायला अडचण राहत नाही. १९०५ ला रँडल-मॅकआयव्हरनं खोदून सांगितलं की हे मध्ययुगातलं अन् आफ्रिकी लोकांचंच काम आहे, १९२९ ला गर्ट्रूड केटन-थॉम्पसन ह्या बाईंनी तेच पक्कं केलं. तिथल्याच शोना लोकांच्या पूर्वजांनी साधारण अकराव्या ते पंधराव्या शतकात ते बांधलं हे आज मान्य आहे. तरी गोऱ्यांच्या राजवटीत हे उघड बोलणाऱ्यांवर दबाव येत राहिला. १९८० ला देश स्वतंत्र झाला तेव्हा त्यांनी ह्याच दगडी नगराचं नाव देशाला दिलं अन् तिथं सापडलेला दगडी पक्षी झेंड्यावर घेतला. कादंबरी वाचताना हे शेजारी उघडं ठेवा.

आता आपल्या घरचं. छत्रपती संभाजीनगरला भडकल दरवाजा बघितलाय ना? तो मलिक अंबरचा. मलिक अंबर मूळचा हबशी, इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, दख्खनमध्ये येऊन निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला. १६१० ला त्यानं खडकी वसवली, तेच आजचं संभाजीनगर. डोंगरातून जमिनीखालून पाणी शहरात आणणारी नहर-ए-अंबरी त्याचीच, खुलताबादला त्याची कबर आहे. म्हणजे हॅगार्डनं पेन उचलायच्या पावणेतीनशे वर्षं आधी एका आफ्रिकी माणसानं मराठवाड्यात अख्खं शहर आखून, पाणी खेळवून, दरवाजे बांधून दाखवलं होतं. ज्या शहरात आपण बसून ही पुस्तकं वाचायलोत ते शहरच त्या पुस्तकांना उत्तर आहे, अन् हे उत्तर लंडनमधल्या वाचकाकडं नव्हतं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. पोरांना ही पुस्तकं देताना मलिक अंबरचं एक पान सोबत द्या.

पण हे वाचून नुसतं इंग्रजांना नावं ठेवून मोकळं होऊ नका, कारण तोच प्रश्न आपल्याकडं उलटा फिरून आलाय. वेरूळच्या कैलास लेण्यावर व्हिडिओ शोधा, पहिल्या दहात एक तरी सांगणारा सापडतो की हे माणसाचं काम नव्हे, परग्रहवासी आले, यंत्रं होती, दगड वितळवला. लाखो लोक बघतात, आपलीच पोरं फॉरवर्ड करतात. हा तोच जुना साचा आहे, इथल्या माणसाच्या हातून हे होणं शक्य नाही म्हणायचं अन् बाहेरच्या कोणाला तरी मान द्यायचा. कैलास राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळातलं, आठव्या शतकातलं. राष्ट्रकूट घराण्याच्याच बडोद्याच्या ताम्रपटात, नवव्या शतकाच्या सुरुवातीच्या, एलापूरच्या ह्या देवळाचं वर्णन आहे अन् त्यात म्हटलंय की ज्यानं ते घडवलं तो शिल्पी स्वतःच चकित झाला की हे माझ्याकडून झालं तरी कसं. बघा, आश्चर्य त्या लोकांनाही वाटत होतं, पण त्या आश्चर्यात कारागीर हजर आहे. आपल्याकडच्या लोककथेत तर पैठणच्या कोकसा नावाच्या कारागिराचं नाव येतं, राणीनं कळस दिसल्याशिवाय अन्न घेणार नाही असा नवस केला अन् कोकसानं देऊळ वरून खाली कोरायला घेतलं म्हणजे कळस आधी दिसेल. गोष्टच आहे ती, पण तिच्यात अक्कल आहे अन् छिन्नी आहे.

अजिंठ्याचंही तसंच. १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाचा मद्रास फौजेतला अधिकारी वाघाच्या शिकारीला आला अन् त्यानं लेणी 'शोधली', दहाव्या लेण्यातल्या खांबावर नाव कोरून गेला. सातव्या शतकात ह्युएन त्संगनं ह्या लेण्यांचं वर्णन लिहून ठेवलेलं आहे अन् वाघुरच्या खोऱ्यात राहणाऱ्या लोकांना आपल्या डोंगरात काय आहे ते ठाऊक नव्हतं असं मानायला काही आधार नाही. कादंबरीत कुठं 'शोध लागला' असं आलं की विचारायचं, कोणाला लागला?

देऊळ, पुजारी अन् कायदा

दुसरा मोठा प्रश्न. आतल्या लोकांचा धर्म काय आहे, तो कोण चालवतं अन् पाहुण्यांवर पहिलं संकट त्या धर्मातूनच कसं येतं. 'ॲलन क्वाटरमेन' मध्ये हे फार नीट दिसतं. झू-व्हेंडिस देशात सूर्यपूजा आहे, राजधानीत सूर्याचं देखणं मंदिर आहे, मुख्य पुजारी अगॉन. इंग्रज मंडळी तळ्यावर पोचतात अन् आपला नेम दाखवायला पाणघोडे मारतात. ते पाणघोडे सूर्याला वाहिलेले असतात. झालं, ह्यांना देवळात जिवंत जाळायची शिक्षा. हे प्रकरण वाचताना थांबून बघा की चूक कोणाची होती. लेखक पुजाऱ्याला खलनायक करतो पण पवित्र जनावर बंदुकीनं मारणारे त्याचे नायक आहेत, अन् हे त्यानंच लिहिलंय. मला हॅगार्ड इथं आवडतो, त्याच्या हातून त्याच्या मतापेक्षा जास्त खरं उतरतं.

आयेशाचं राज्य वेगळं. तिच्याकडं मोठी फौज नाही, ती वर्षानुवर्षं दिसत नाही, क्वचित कधीतरी कोणाला तरी भयंकर शिक्षा करते अन् बाकीचं काम भीतीच करते. ती स्वतः सांगते की माझं राज्य लोकांच्या कल्पनेवर चालतं. ह्या एका जागेवर गटात अर्धा तास चर्चा होऊ शकते, अन् झाली पाहिजे.

किपलिंगच्या कथेत दोन भामटे काफिरिस्तानात जाऊन देव बनतात, बंदुका अन् फ्रीमेसन नावाच्या गुप्त मंडळाच्या खुणा ह्यांच्या जोरावर. देव होणं सोपं जातं, माणूस म्हणून काही मागितलं की घात होतो. पुढचं सांगत नाही. एवढंच की काफिरिस्तान खरा प्रदेश आहे, अफगाणिस्तानच्या पूर्व भागात, अन् कथा छापल्यावर काही वर्षांतच अमीर अब्दुर रहमाननं तो जिंकून तिथल्या लोकांना मुसलमान केलं, आता त्याला नूरिस्तान म्हणतात. खऱ्या लोकांचा जुना धर्म खरोखर संपला, अन् त्याबद्दलची एकही गाजलेली कादंबरी माझ्या तरी वाचनात नाही.

आदर्श राज्य म्हणून बघायचं तर बटलर अन् लिटन. बटलरच्या देशात आजारी पडणं गुन्हा आहे अन् चोरी केली तर शेजारी तब्येतीची चौकशी करायला येतात. त्यांच्याकडं संगीत बँका आहेत: सुंदर इमारती, गंभीर चेहऱ्याचे कारकून, तिथलं चलन घरी ठेवणं प्रतिष्ठेचं, पण बाजारात त्या पैशाला काही येत नाही अन् सगळ्यांना ते माहीत आहे. ही टीका इंग्लंडच्या चर्चवर आहे. वाचताना आपल्या गावातलं काय काय आठवतं ते वहीत लिहा, कोणाला दाखवू नका.

लिटनचे व्हरिल-या लोक जमिनीखाली राहतात, व्हरिल नावाची शक्ती त्यांच्या हातात आहे, एका काठीनं शहर नाहीसं करू शकतात म्हणून युद्ध बंद झालंय. धर्म एकच, देव सर्वमंगल, त्याच्यावर वाद घालायची पद्धत नाही. गरीब नाही, भांडण नाही. अन् तरी नायकाला तिथं गुदमरतं, त्याला वाटतं हे लोक एक दिवस वर येतील अन् आपल्याला संपवतील. ह्या लिटनचा मुलगा पुढं १८७६ ते १८८० हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता, दख्खनला पोळून काढणारा १८७६-७८ चा मोठा दुष्काळ त्याच्याच काळात पडला. बाप लिहितो की अतिप्रगत लोक आपल्याला किड्यासारखं समजून चिरडतील, अन् पाच वर्षांत मुलगा दुसऱ्या एका देशावर राज्य करायला येतो. दोन्ही गोष्टी एकाच घरातल्या आहेत हे मला विसरता येत नाही.

ह्या सगळ्या आदर्श राज्यांना भिंत लागते, डोंगर लागतो, बाहेरच्याला बंदी लागते. आपल्या मातीतली कल्पना शेजारी ठेवून बघा. आपेगावच्या ज्ञानेश्वरांनी पसायदानात जे मागितलं त्याला कुंपण नाही, तिथं गाव आहे ते चेतना चिंतामणींचं, अन् ती चालतीबोलती माणसं आहेत. बाराव्या शतकात कल्याणला बसवण्णांच्या अनुभव मंटपात सगळ्या जातीपातीचे लोक एकत्र बसून बोलत होते, ते कल्याण (आजचं कर्नाटकातलं बसवकल्याण) आपल्या उदगीरपासून लांब नाही. मी असं म्हणत नाही की आपलं थोर अन् त्यांचं हलकं. कल्याणचा प्रयोग रक्तात बुडाला अन् पसायदान रोज म्हणणाऱ्या गावात पाणवठे वेगळे होते. पण भिंत नसलेला आदर्श कल्पता येतो हे माहीत असलं की व्हिक्टोरियन लेखकाला भिंत कशाला हवी होती ते नेमकं विचारता येतं.

शेवट कसा होतो

शेवटच्या दोन प्रकरणांत दार बंद होतं, बहुतेक पुस्तकांत. गुहा कोसळते, वाट बुजते, नाहीतर राजा आज्ञा काढतो. झू-व्हेंडिसमध्ये सर हेन्री कर्टिस राणीशी लग्न करून तिथंच राहतो अन् ठरवतो की परक्यांना आत येऊ द्यायचं नाही, बंदुकीची दारू, तार, वाफेचं इंजिन, वर्तमानपत्रं ह्यांनी माणूस सुखी झाला नाही म्हणतो. साम्राज्य ऐन भरात असताना एक इंग्रज नायक हे बोलतो! वहीत हे ठळक लिहा. मात्र त्याच दमात तो तिथं ख्रिस्ती धर्म आणायचा बेतही करतो, म्हणजे बाकी सगळं बाहेर ठेवायचं पण तेवढं आत घ्यायचं.

बटलरचा शेवट सगळ्यात धारदार. त्याच्या निवेदकाला वाटतं की हे लोक म्हणजे बायबलमधल्या इस्राएलच्या हरवलेल्या दहा जमाती, ह्यांचा उद्धार केला पाहिजे. मग तो उद्धाराची कंपनी काढायची योजना मांडतो, शेअर विकायचे, तिथल्या लोकांना जहाजात भरून क्वीन्सलँडच्या उसाच्या मळ्यावर न्यायचं, काम पण करून घ्यायचं अन् धर्म पण शिकवायचा. ऊसतोडीला जाणारी गावंच्या गावं बघितलेल्या बीड-धाराशिवच्या वाचकाला हे पान वेगळं समजावून सांगायची गरज पडणार नाही.

खटकणारा मजकूर अन् पोरं

काळ्या लोकांबद्दल घाण शब्द येतात, हत्तींची कत्तल मजेत सांगितलेली आहे, बायका एक तर देवी नाहीतर चेटकीण. हे झाकू नका. बारा-तेरा वर्षांच्या पोराला द्यायचं असेल तर तुम्ही आधी वाचा अन् त्या पानांपाशी थांबून बोला, कापलेली आवृत्ती देऊ नका, कापलेल्या आवृत्तीत साहस राहतं अन् प्रश्न जातो. दहाच्या आतल्या पोरांना 'शी' नको, त्यातली प्रेतं अन् गरम मडकं डोक्यात घालून मारायचा प्रसंग भारी पडतो.

चार जण मिळून वाचायचं असेल तर

रविवारी सकाळी वाचनालयात जागा मिळते, विचारून बघा. एका बैठकीला तीन प्रकरणं, त्याहून जास्त नको. प्रत्येकाला एक काम द्या: एकानं साल अन् बातम्या, एकानं बांधणाऱ्यांचे रकाने, एकानं देऊळ अन् शिक्षा, एकानं गोष्ट तोंडी सांगायची मराठीतून. तोंडी सांगणारा माणूस सगळ्यात महत्त्वाचा, इंग्रजी न वाचणारे चार जण त्याच्यामुळं येतात अन् बहुतेक वेळा सगळ्यात चांगला प्रश्न तेच विचारतात. 'किंग सॉलोमन्स माइन्स' संपलं की एक बैठक भडकल दरवाज्यापाशी घ्या अन् नहरीचे बंब कुठं कुठं दिसतात ते फिरून बघा. 'शी' संपलं की वेरूळला जा, कैलासच्या वरच्या कड्यावर चढून आत बघा, छिन्नीचे घाव दिसतात. मंगळवारी वेरूळ बंद असतं अन् सोमवारी अजिंठा, त्या हिशोबानं दिवस धरा.

बटलरचा दुसरा भाग, १९०१ चा, मुद्दाम मागं ठेवलाय. पहिल्या भागाच्या शेवटी नायक फुग्यात बसून त्या देशातून पळून जातो. वीस वर्षांनी परत येतो तर तिथं त्याच्याच नावानं धर्म निघालेला असतो: आकाशात गेलेला सूर्यपुत्र म्हणून त्याची पूजा, त्याच्या न बोललेल्या वचनांचे ग्रंथ, त्यावर पोट भरणारे पंडित. तो समोर उभा राहून सांगायला बघतो की अरे तो फुगा होता. पहिला भाग वाचल्याशिवाय हा हातात घेऊ नका, अन् घेतला की एका बैठकीत काढा.